गोलरेषा सोडून पुढे येणारा ज्युला ग्रोशिच

२५ मार्च २००८. हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, तिथला फुटबॉल क्लब फेरेंत्सवारोश आणि इंग्लंडचा शेफील्ड युनायटेड यांच्यातला मैत्रीपूर्ण सामना. यजमान संघाच्या अकरा जणांत एक नाव होतं हंगेरीचे जुने गोलरक्षक, ८२ वर्षांचे ज्युला ग्रोशिच यांचं. त्यांनी चेंडूला पाय लावून सामना सुरू केला आणि थोड्याच वेळात त्यांच्या जागी दुसरा गोलरक्षक आला. क्लबने त्यांच्या सन्मानार्थ १ क्रमांकाचा शर्ट कायमचा निवृत्त केला. आता यात नवल ते काय? नवल हे, की ग्रोशिच त्याआधी फेरेंत्सवारोशकडून एकही सामना खेळले नव्हते. १९६२ मध्ये त्यांना त्या क्लबमध्ये जायचं होतं, सरकारने जाऊ दिलं नाही. ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

ग्रोशिचचा जन्म ४ फेब्रुवारी १९२६ चा, दोरोग या कोळसा खाणींच्या गावातला. आईची इच्छा होती पोराने पाद्री व्हावं. पोरगा गावच्या खाण कामगारांच्या संघात गोलपुढे उभा राहिला. युद्ध संपल्यावर तो बुडापेस्टला आला, मालवाहतूकदारांच्या 'मातेओस' संघातून खेळू लागला आणि १९४७ मध्ये राष्ट्रीय संघात पोहोचला. दोनच वर्षांत त्याने देश सोडण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. हंगेरीचा कम्युनिस्ट हुकूमशहा राकोशी याच्या राजवटीत हा साधा गुन्हा नव्हता. त्याच्या खेळण्यावर बंदी आली आणि त्याच्या नावावर कायमचा शिक्का बसला. पुढे त्याच्यावर जे जे आलं, त्याची मुळं इथे आहेत असं मला वाटतं. संघातला आघाडीचा गोलवीर पुश्काश याच्यावर राज्यकर्ते रागावले तरी हसून सोडून देत. ग्रोशिचकडे मात्र ते कायम संशयाने पाहत राहिले.

तरीही त्याच्यावाचून त्यांचं भागत नव्हतं. किशपेश्त या उपनगरातला क्लब एव्हाना सैन्याच्या ताब्यात गेला होता आणि त्याचं नाव 'होनवेद', म्हणजे देशरक्षक, असं झालं होतं. देशातले उत्तम खेळाडू तिथे गोळा केले जात होते. पुश्काश आणि बोझिक मुळातच तिथले; कोचिश, चिबोर येऊन मिळाले, आणि १९५० मध्ये ग्रोशिचही आला. क्रीडा उपमंत्री असलेला गुस्ताव शेबेश राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. एकाच क्लबात रोज एकत्र सराव करणाऱ्या खेळाडूंचा गाभा त्याला आयता मिळाला.

या संघाच्या खेळात ग्रोशिचची जागा काय होती, हे नीट पाहायला हवं, कारण कौतुक नेहमी पुढच्या फळीचंच होतं. हिदेगकुती नावाला मधला आघाडीवीर, पण तो मागे यायचा आणि प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू त्याच्यामागे ओढला जायचा. सारा संघ वर सरकून खेळायचा. साहजिकच हंगेरीच्या बचावफळीच्या पाठीमागे मोठं मैदान मोकळं पडायचं. ते राखायचं कुणी? ग्रोशिचने. गोलरक्षकाने गोलरेषेला चिकटून राहायचं असा तो काळ होता. हा गडी धावत पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर यायचा आणि पायाने चेंडू काढून द्यायचा, जणू एक जादा बचावपटूच. चेंडू हातात आला की उंच लाथाडण्याऐवजी जवळच्या सहकाऱ्याकडे फेकून तिथूनच चढाई सुरू करायचा. अंगात काळे कपडे, म्हणून लोक त्याला 'काळा बिबट्या' म्हणत. आज गोलरक्षकाच्या पायातल्या कौशल्याची एवढी चर्चा होते, तेव्हा त्याचं नाव निघत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

१९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवलं. युरोप खंडातल्या संघाकडून इंग्लंड आपल्या घरात पहिल्यांदाच हरला. त्या दिवशी ग्रोशिचला दुखापत झाली आणि अखेरच्या टप्प्यात गेल्लेर त्याच्या जागी आला. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये इंग्लंडला ७-१ असा मार बसला.

आणि मग ४ जुलै १९५४, बर्न. विश्वचषकाचा अंतिम सामना, प्रतिस्पर्धी पश्चिम जर्मनी, ज्यांना हंगेरीने गटात ८-३ ने लोळवलं होतं. पाऊस, चिखल. आठ मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे. दहाव्या मिनिटाला मोरलॉकने एक गोल फेडला. अठराव्या मिनिटाला जर्मनीला कॉर्नर मिळाला. फ्रिट्झ वाल्टरने चेंडू उंच गोलपुढे टाकला. ग्रोशिच तो पकडायला उडी घेणार, तेवढ्यात जर्मनीचा शेफर त्याच्या अंगावर आला. ग्रोशिचचा हात चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही. चेंडू डोक्यावरून पलीकडे गेला, तिथे हेल्मुट रान मोकळा उभा होता. त्याने तो जाळ्यात मारला. पंच लिंग यांनी फाउल दिला नाही. ८४व्या मिनिटाला रानने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून डाव्या पायाने जमिनीलगत फटका मारला आणि ३-२ झालं. शेवटच्या क्षणी पुश्काशने मारलेला गोल ऑफसाइड ठरला. चार वर्षांत हंगेरीचा हा पहिला पराभव.

बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले. फुटबॉलच्या निमित्ताने राजवटीवरचा राग बाहेर पडत होता. त्या वर्षाच्या शेवटी ग्रोशिचला हेरगिरी आणि देशद्रोहाच्या संशयावरून ताब्यात घेतलं गेलं. वर्षभराहून अधिक काळ तो नजरकैदेत राहिला, चौकशा झाल्या, हाती काही लागलं नाही आणि प्रकरण बंद करावं लागलं. अंतिम सामना अकरा जण हरले होते. पण १९४९ पासून ज्याच्या नावावर शिक्का होता, बोट त्याच्याकडे दाखवणं सगळ्यात सोपं होतं. हा अन्याय होता आणि तो अन्याय म्हणूनच नोंदवला पाहिजे.

१९५६ चा राजवटीविरुद्धचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांखाली चिरडला गेला, तेव्हा ग्रोशिच बायकामुलांसह ऑस्ट्रियात गेला. होनवेदचे खेळाडू त्या वेळी परदेशातच होते. १९५७ च्या सुरुवातीला दौऱ्यावरची बंदी झुगारून त्यांनी दक्षिण अमेरिकेचा दौरा केला, त्यात तोही होता. पुश्काश, कोचिश, चिबोर पुढे स्पेनमध्ये गाजले. ग्रोशिच १९५७ मध्ये मायदेशी परतला. त्याला होनवेदमध्ये जागा उरली नव्हती. रवानगी झाली तातबान्याला, पुन्हा एका खाणीच्या गावात. तिथून खेळूनही त्याने १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक गाठले. ८६ आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या नावावर आहेत.

१९६२ मध्ये त्याला फेरेंत्सवारोशकडून कारकीर्द संपवायची होती. या हिरव्या-पांढऱ्या क्लबवर राज्यकर्त्यांचा जुना दात होता. १९५० च्या सुमारास त्याचं नाव काढून घेतलं गेलं होतं, रंगसुद्धा बदलायला लावले होते. ते परत मिळाले १९५६ मध्ये. अशा क्लबला असा खेळाडू देणं वरच्यांना रुचलं नाही. परवानगी नाकारली गेली आणि ग्रोशिचने हातमोजे उतरवले. पुढे तो प्रशिक्षक झाला, काही काळ कुवेतमध्येही राहिला.

१३ जून २०१४ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी ग्रोशिच गेले. बर्नच्या मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी मागे एकटा उरला उजव्या बगलेचा बचावपटू येनो बुझान्स्की, जो खेळला ग्रोशिचच्याच दोरोगच्या संघातून. सात महिन्यांनी, जानेवारी २०१५ मध्ये, तोही गेला.