वाघ मोठा की सिंह? आणि या तुलनेत उसातला बिबट्या कुठे बसतो?

वाघ मोठा की सिंह, हे मुलं हटकून विचारतात. वजनात वाघच मोठा. भारतातला पूर्ण वाढलेला नर वाघ साधारण 180 ते 250 किलोंचा असतो, तर गीरचा नर सिंह 160 ते 190 किलोंचा. आफ्रिकेतला सिंह याहून भारी भरतो आणि खांद्याशी मोजला तर उंचीत वाघाला मागे टाकतो. पण वाघ म्हणजे तरी कुठला? सुमात्रा बेटावरचा नर 100 ते 140 किलोंतच थांबतो.

कातडं बाजूला काढलं तर दोघांचे सांगाडे वेगळे ओळखताना जाणकारांनाही विचार करावा लागतो. एक खूण मात्र फार सुंदर आहे. खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवून बोटानं हलकेच दाबायचा. वाघाचा जबडा घट्ट बसून राहतो. सिंहाच्या जबड्याची खालची कड बाकदार असल्यानं तो डुलतो.

नुसत्या वजनावर अडून बसलं की खरी गंमत निसटते. दक्षिण अमेरिकेतला जग्वार आणि आपला बिबट्या फोटोत भाऊ-भाऊ वाटतात. पण जग्वारचं डोकं मोठं, पाय आखूड, शेपूट तोकडी, छाती रुंद. पांतानालच्या दलदलीतले नर 100 किलोंच्या पुढे जातात आणि मगरीच्या जातीतल्या केमनची कवटी मागून चावून फोडतात. बिबट्या लांबसडक, लवचिक. शेपटीनं तोल सांभाळत शिकार झाडावर चढवणारा.

चित्ता वजनानं बिबट्याच्याच आसपास, पण त्याचं सगळं शरीर धावण्यासाठी खर्ची पडलेलं. धावताना भरपूर हवा आत यावी म्हणून नाकाच्या पोकळ्या मोठ्या, त्यामुळे सुळ्यांच्या मुळांना जागा कमी आणि सुळे लहान. नखंही पूर्ण आत जात नाहीत, ती जमिनीवर पकड देतात. असा प्राणी झुंजीत बिबट्यापुढे टिकत नाही. म्हणूनच 2022 साली नामिबियातून चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो अभयारण्यात आणताना त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या भागातून आधी बिबटे बाहेर काढावे लागले.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत हुशारीनं बेतलेलं शरीर बिबट्याचं आहे. मांसाहारी प्राण्याचं वजन साधारण 20 किलोंच्या पुढे गेलं की उंदीर-सशांवर त्याचं भागत नाही, त्याला मोठी शिकार करावी लागते. वाघ या रेषेच्या फार पुढे आहे. त्याला वर्षाला चितळ-सांबरांसारखी पन्नासेक जनावरं लागतात, म्हणजे तेवढी जनावरं पोसणारं जंगलही लागतं. बिबट्याची मादी 30-40 किलोंची, नर 50 ते 70 किलोंचा. म्हणजे हा प्राणी त्या रेषेच्या थोडाच पुढे. सांबराचं पिल्लू मिळालं तर उत्तम, नाहीतर डुक्कर, कुत्रं, मांजर, घूसही चालते. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शेतशिवारात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गावात शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त असूनही! शेळ्या रात्री गोठ्यात असतात, कुत्री मोकळी.

लपायलाही हेच शरीर कामी येतं. खांद्याशी जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंच असलेला बिबट्या डोकं खाली घालून चालला की दहा फूट उसात पाचटाचा आवाजही होत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात धरणांच्या पाण्यानं वर्षभर ऊस उभा राहिला आणि माद्या तिथंच विऊ लागल्या. तोडीच्या वेळी टोळीला फडात पिल्लं सापडतात. वनविभागाची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. बहुतेक वेळा मादी रात्री येते आणि मानगुटीला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. पिल्लांना हात लावून घरी नेणं किंवा लगेच लांब हलवणं यानं चवताळलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घालू लागते.

याच शरीराची दुसरी, दुःखद बाजूही आहे. उभा माणूस बिबट्याला भक्ष्य म्हणून मोठा वाटतो. लहान मूल किंवा खाली वाकून खुरपणारी बाई मात्र त्याच्या नेहमीच्या शिकारीच्या उंचीत येते. उसाच्या कडेला मुलांना एकटं सोडू नये, अंधारात बसून काम करू नये, शौचालय घराजवळ असावं, या सूचना त्यातूनच आल्या आहेत.