निर्यात शिकायची की आंतरराष्ट्रीय मार्केटिंग?

नाशकात बीकॉम-बीबीए झालेल्या मुलांपुढे, आणि दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातल्या नव्या पिढीपुढेही, हल्ली दोन अभ्यासक्रम हमखास येतात. एक निर्यात व्यवस्थापनाचा, दुसरा आंतरराष्ट्रीय विपणनाचा, म्हणजे मार्केटिंगचा. बहुतेकांना ही एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात. माहितीपत्रकं छापणाऱ्यांनाही तसंच वाटत असावं, कारण कित्येकदा आतला मजकूर अदलाबदल केला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

निर्यातीचा अभ्यास सरहद्दीचा असतो: माल कायद्यात बसवून, खराब न होता आणि पैसे न बुडवता पलीकडे कसा न्यायचा. आंतरराष्ट्रीय मार्केटिंगचा अभ्यास पलीकडच्या गिऱ्हाइकाचा असतो: त्याने तो माल का घ्यावा, कोणत्या रूपात, कुठल्या दुकानातून, काय भावाने. काही धंद्यांत ही दोन्ही कामं एकच माणूस करतो, म्हणून गोंधळ होतो.

द्राक्षाचंच घ्या. निर्यात करायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड लागतो, अपेडाची, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. युरोपला माल पाठवायचा तर बागेचा प्लॉट अपेडाच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर नोंदवावा लागतो. ही व्यवस्था 2006 पासून आहे आणि तिच्यामुळे पेटीवरून माग काढत थेट प्लॉटपर्यंत पोचता येतं. मग रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशांची तपासणी, प्रतवारी-पॅकिंगचं पॅकहाऊस, माल थंड करणारं प्रीकूलिंग, रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, कंटेनर, न्हावा शेवा बंदर, जहाजात माल चढल्याची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग. सौदा एफओबी की सीआयएफ, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा कोणी भरायचा, हे इन्कोटर्म्स या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ठरावीक अटींवरून ठरतं. 2020 च्या आवृत्तीत अशा 11 अटी आहेत. या सगळ्याची खासियत अशी की इथे उत्तर बरोबर असतं किंवा चूक. एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, चुकला तर चुकला, त्यात मतभेदाला जागा नाही. कस्टमच्या एजंटाच्या ऑफिसात एक अख्खा हंगाम डोळे उघडे ठेवून काढला तर यातलं बरंचसं अंगवळणी पडतं.

मार्केटिंगचा प्रश्न तसा सुटत नाही. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. नाशिकच्या बागायतदारांना तो हंगाम चांगलाच महागात पडला. वरवर पाहता ही निर्यातीची अडचण होती: मर्यादा ओलांडली, माल थांबला. उपायही तसाच, तपासणी कडक करा.

पण त्याच पॅकहाऊसच्या भिंतीवर ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीपद्धतींच्या मानदंडाचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. ते कोणत्याच सरकारने मागितलेलं नाही. युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी 1997 मध्ये युरेपगॅप या नावाने स्वतःच हा मानदंड उभा केला आणि 2007 मध्ये त्याचं नाव बदललं. ते नसलं तरी कस्टमवाला द्राक्षं सोडेल, पण सुपरमार्केट घेणार नाही. निर्यातीचा विद्यार्थी हे प्रमाणपत्र फाइलमधला आणखी एक कागद म्हणून लावतो. मार्केटिंगचा विद्यार्थी विचारतो, दुकानदाराला हे का लागलं? तो कोणाला घाबरतो? उत्तर असं की त्याचं गिऱ्हाईक अन्नाच्या सुरक्षिततेबद्दल, पर्यावरणाबद्दल, शेतमजुरांच्या परिस्थितीबद्दल प्रश्न विचारतं. हे ज्याला समजलं त्याला पुढची मागणी काय येईल याचा थोडा अंदाज येतो. बाकीचे दुकानदाराचं पत्र येण्याची वाट बघतात.

आकडेवारीतही हाच फरक दिसतो. आपली द्राक्षं कुठे जातात असं विचारलं तर कागदोपत्री नेदरलँड्स फार वर दिसतं. म्हणून डच लोक द्राक्षांवर जगतात असं नाही. रॉटरडॅम हे युरोपचं मोठं बंदर आहे आणि तिथे उतरलेला माल पुढे जर्मनीत आणि इतर देशांत जातो. निर्यातदाराच्या दृष्टीने नेदरलँड्स हे उत्तर बरोबर आहे, कारण कंटेनर तिथेच उतरला. मार्केटिंगच्या दृष्टीने ते अपुरं आहे. जर्मन घरातली बाई अर्ध्या किलोचा पनेट, म्हणजे फळांचा छोटा डबा, उचलताना काय बघते, हे रॉटरडॅमच्या गोदीवर कळत नाही.

सर्वांत महत्त्वाचा फरक मला द्राक्षाच्या जातीच्या निवडीत दिसतो. थॉमसन सीडलेस हे पांढरं, बिनबियांचं द्राक्ष आपल्याकडे उत्तम येतं, म्हणून आपण वर्षानुवर्षं तेच लावलं आणि तेच विकायला निघालो. युरोपच्या शेल्फवर पांढऱ्याबरोबर लाल आणि काळं सीडलेसही असतं. मोठा मणी, कुरकुरीत गर हवा असतो. नवी जात लावली तर हाती पीक यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि पैदासकाराचे हक्क असलेली जात असेल तर परवानगी घेऊन रॉयल्टीही मोजावी लागते. म्हणजे मार्केटिंगचा निर्णय कलम करताना, कंटेनर भरण्याच्या कितीतरी आधी होतो. दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीने अशा परदेशी जाती आणायचं मनावर घेतलं ते याच हिशोबाने. माझ्या मते नाशिकच्या द्राक्षधंद्यातला तो कुठल्याही सबसिडीपेक्षा मोठा बदल आहे.

आता निर्यात आहे पण मार्केटिंग जवळजवळ नाही, असं उदाहरण हवं असेल तर लासलगावला जा. कांदा लिलावात जातो, जाळीच्या गोणीत भरतो आणि बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबईकडे रवाना होतो. गोणीवर शेतकऱ्याचं नाव असण्याचा प्रश्नच नाही. परदेशी गिऱ्हाईक फक्त आकार, रंग आणि भाव बघतं. अशा मालाला सरकारी निर्णय कसा लागतो ते अलीकडेच पाहिलं. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, मे 2024 मध्ये बंदी उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क घेऊनच, आणि शुल्क पूर्ण निघायला एप्रिल 2025 उजाडला. इथे उत्तमातलं उत्तम मार्केटिंगही गोणी बंदराबाहेर काढू शकलं नसतं. म्हणून व्यापारधोरणाला अर्ध्या पानात गुंडाळणारा मार्केटिंगचा अभ्यासक्रम मला पोकळ वाटतो. मात्र बंदी उठल्यावर गिऱ्हाईक परत का यावं, हा प्रश्न मार्केटिंगचाच आहे, आणि बिननावाच्या गोणीकडे त्याचं उत्तर एकच असतं: स्वस्त.

उलट टोकही आहे. मार्केटिंग आंतरराष्ट्रीय, पण सरहद्द ओलांडणारा माल थोडा किंवा अजिबात नाही. न्यूझीलंडची झेस्प्री ही किवी फळ विकणारी कंपनी. तिकडचा हंगाम संपला की दुकानातली जागा रिकामी राहू नये म्हणून ती इटली, फ्रान्स, जपान इथल्या बागांतून फळ घेते आणि त्यावर आपलाच शिक्का लावते. ते फळ न्यूझीलंडची निर्यात नव्हेच. आणि इतक्या लांब जायला नको, नाशिकच्याच सातपूरला बघा. बॉश ही जर्मन कंपनी तिथल्या कारखान्यात सुटे भाग बनवते. त्यातला जो माल भारतातल्याच वाहन कंपन्यांना जातो त्यात निर्यात कुठेच नाही, तरी एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशातलं गिऱ्हाईक सांभाळणं त्यात पुरेपूर आहे.

मग हे दोन विषय इतके मिसळले कसे? एक कारण जुन्या सिद्धांतात सापडतं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या योहानसन आणि वाल्ने यांनी 1977 मध्ये मांडलं की कंपन्या परदेशी बाजारात पायरीपायरीने शिरतात: आधी तुरळक निर्यात, मग एजंट, मग स्वतःची विक्रीशाखा, शेवटी कारखाना. निर्यात ही पहिली पायरी म्हणून पुस्तकात पहिल्या प्रकरणांत येते, आणि आपल्याकडे सत्र तिथेच संपतं. त्यानंतरची खरी भांडणं राहूनच जातात. 1983 मध्ये हार्वर्डचे मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी जगाची आवड एकसारखी होत चालली आहे, एकच माल सगळीकडे विका, असं ठणकावून सांगितलं होतं. त्यावर आजही वाद होतो, आणि 1996 मध्ये भारतात येताना गोमांस वगळणाऱ्या मॅकडोनाल्ड्सने त्याचं अर्धं उत्तर दिलेलं आहे.

नाशिकची वाइन या वादात मजेशीर जागी उभी आहे. बाटली लंडनला पोचवणं ही निर्यात, तिचे नियम वाचून पाळता येतात. पण शेल्फसमोरच्या माणसाला फ्रान्स, इटली, चिली ठाऊक असतात. भारत म्हटल्यावर त्याला चहा आठवतो, बासमती आठवतो. मूळ देशाच्या नावाचा मालाच्या किमतीवर होणारा हा परिणाम मार्केटिंगमध्ये स्वतंत्रपणे अभ्यासला जातो. बासमतीला जे नाव तारतं तेच वाइनला अडवतं. नाव लपवायचं की मिरवायचं, याचं उत्तर कुठल्याच फॉर्ममध्ये भरता येत नाही.

प्रवेश घेण्याआधी परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागून बघा. लेटर ऑफ क्रेडिट (पैसे मिळण्याची बँकेची हमी), ड्यूटी ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारं शुल्क), शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) यांचेच प्रश्न असतील तर तो निर्यातीचा अभ्यासक्रम आहे, वर नाव काहीही असो. वाईट नाही, नोकरी लवकर लागते. प्रश्न एखाद्या देशातल्या गिऱ्हाइकावर, किमतीवर, वितरणावर असतील तर मार्केटिंगचा. घरची बाग असेल आणि एकच निवडायचा असेल तर मी दुसरा घ्यायला सांगेन. कागदपत्रांसाठी फी देऊन माणूस ठेवता येतो. पुढची जात कोणती लावायची हे तो सांगणार नाही.