शाळेतून कारखान्याकडे जाणारा मार्ग (बेळगाव सीमाभाग)

शाळेतल्या पोरापोरींना आठवी-नववीतच कारखान्यातलं काम दाखवायचं, दहावीनंतर आयटीआय, टूलरूम (साचे आणि हत्यारं बनवायला शिकवणारी संस्था) नाहीतर डिप्लोमाला घालायचं, मग अप्रेंटिस (कारखान्यातला शिकाऊ कामगार) करून नोकरीला लावायचं, अशी ही सगळी साखळी. यातल्या बहुतेक कड्या बेळगाव सीमाभागात आधीपासून आहेत, पण शाळा आणि कारखाना यांच्यातली पहिलीच कडी कच्ची आहे.

कामाला इथं तोटा नाही. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, होनगा भागात फौंड्र्या (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने), मशीन शॉप, हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे कारखाने आहेत, आणि हायवेवर हत्तरगीला एक्वस कंपनीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग बनतात. तरी खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या पोराला व्हीएमसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापून पार्ट बनवणारं) कसलं असतं हे दहावी होईपर्यंत माहीतच नसतं, घरातलं कोण फौंड्रीत असेल तर तेवढीच ओळख.

दहावीनंतर वाटा तीन. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड 2 वर्षांचे, वेल्डर 1 वर्षाचा आणि त्याला आठवी पास चालतं. जीटीटीसी म्हणजे सरकारी टूलरूम, तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा 3 वर्षं शिकणं आणि वर 1 वर्ष कारखान्यात, असा असतो. तिसरी वाट पॉलिटेक्निकची, 3 वर्षं. आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं असं पालकांना वाटतं ते साफ चूक आहे, आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून डीसीईटी ही कर्नाटकातली प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नापास पोरांची जागा म्हणून आयटीआयकडे बघणं आता तरी थांबलं पाहिजे.

अप्रेंटिसचा कायदा 1961 चा. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के, आणि 4 ते 29 माणसांच्या ठिकाणी ते ऐच्छिक. अडचण इथंच येते, लहान शॉपमध्ये मालक स्वतःच मशीनवर उभा असतो, त्याला पोराला शिकवायला वेळ मिळत नाही, मग पोरगं वर्षभर हेल्परच राहतं. चारपाच लहान शॉपनी मिळून एक जुना कारागीर शिकवायला ठेवला तर हे सुटेल असं वाटतं.

दुसरी अडचण ड्रॉइंगची, म्हणजे पार्टची मापं दाखवणाऱ्या नकाशाची. मराठी माध्यमातलं पोरगं गणितात चांगलं असतं, पण ड्रॉइंगवर सगळं इंग्रजी, सुपरवायझर कन्नडमध्ये बोलणार, आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 0.02 मिमी म्हणजे किती बारीक ते हातात मायक्रोमीटर हे बारीक मोजायचं साधन घेतल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. नवीन शिक्षण धोरणात (2020) सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायचं असं आहे. ते दिवस इथल्या शाळांनी उद्यमबागेत काढावेत, पोरींनाही न्यावं, वर्निअरनं एक नट मोजू द्यावा, ड्रॉइंग आणि तयार पार्ट शेजारी ठेवून दाखवावा.

आयटीआयचं राष्ट्रीय सर्टिफिकेट दुसऱ्या राज्यातही चालतं, त्यामुळे निपाणीच्या पोराला कागल किंवा गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि खानापूरकडच्याला गोव्यातली वेर्णाची औद्योगिक वसाहतही खुली राहते. फक्त अ‍ॅडमिशन घेण्याआधी आपल्या ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, आधी याला एनसीव्हीटीची मान्यता म्हणायचे) मान्यता आहे का ते बघून घ्यावं, खासगी आयटीआयमध्ये तर नक्कीच.