पाच पाती आणि मागचे दिवे: मीडियम फॉरमॅटमधल्या ब्लरची पार्श्वभूमी

मरीन ड्राइव्हच्या दिव्यांसमोर जुन्या हॅसलब्लाड या मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या) कॅमेऱ्यावर ८० मिमी लेन्सने पोर्ट्रेट काढा. एफ/२.८ ला मागचे दिवे गोल चकत्या होतात, एफ/४ ला त्याच चकत्या पंचकोनी. हा बिघाड नव्हे. चकतीला आकार मिळतो तो अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाचा; एफचा आकडा वाढला की पाती मिटून हे भोक लहान करतात.

१९४८ च्या १६००एफमध्ये पडद्याचे शटर बॉडीत होते आणि ते वारंवार दगा देई. १९५७ च्या ५००सीपासून कॉम्पुरचे लीफ शटर (मधून उघडणाऱ्या पातळ पात्यांचे) लेन्समध्येच आले. त्यामुळे १/५०० सेकंदापर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश चालू लागला, आणि स्टुडिओवाल्यांना तेच हवे होते. पण शटरची पाती, अ‍ॅपर्चरची पाती आणि स्प्रिंगा एकाच अरुंद नळीत बसवायच्या होत्या. अ‍ॅपर्चरला पाचच पाती मिळाली.

फॉरमॅट मोठा म्हणजे ब्लर जास्त, हा समज अर्धाच खरा. ब्लर मुख्यतः भोकाच्या व्यासावर ठरतो; तो काढायला फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागा. ८० मिमी एफ/२.८ चे भोक साधारण २८.६ मिमी, तर ३५ मिमी कॅमेऱ्याच्या ५० मिमी एफ/१.८ चे २७.८ मिमी. फरक नगण्य. दबदबा खऱ्या अर्थाने कमावला तो १९६९ च्या पेंटॅक्स ६x७ च्या १०५ मिमी एफ/२.४ ने, ४३.७५ मिमी भोकाच्या जोरावर. पुढे हॅसलब्लाडनेही २०००एफसी मालिकेत शटर पुन्हा बॉडीत नेले. त्या मालिकेतल्या ११० मिमी एफ/२ प्लॅनारचे भोक ५५ मिमी. २०१७ च्या फुजीफिल्म जीएफ ११० मिमी एफ/२ चे भोकही तेवढेच, मात्र तिला गोलाकार कडांची नऊ पाती आहेत.

ब्लरचा पोत वेगळ्याच गोष्टीवर ठरतो: स्फेरिकल अ‍ॅबरेशन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा दोष) किती दुरुस्त केले आहे यावर. दुरुस्ती जास्त झाली की मागच्या चकतीची कड उजळते आणि झाडाच्या फांद्या दुहेरी दिसतात. थोडी कमी ठेवली तर कड अलगद विरते, मात्र फोकसच्या पुढे असलेल्या वस्तू खरखरीत होतात. आमच्या मते पोर्ट्रेटसाठी हा सौदा फायद्याचा. साच्यातल्या अ‍ॅस्फेरिकल (पृष्ठभाग पूर्ण गोलाईचा नसलेल्या) भिंगांमुळे चकतीत कांद्यासारखी वलयेही उमटू शकतात.

बोरा बाजारात जुनी लेन्स घेताना मुंबईची दमट हवा लक्षात ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, फोकस जवळात जवळ आणा आणि दूरचा एकच दिवा फाइंडरच्या भिंगातून पाहा. चकतीत जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, काळे ठिपके दिसले तर धूळ. मग एफ/४ लावून प्रिव्ह्यूची (फोटो न काढता पाती मिटवणारी) कळ दाबा. पंचकोनाची एखादी बाजू लहान आली किंवा पाती सावकाश मिटली, तर पात्यांवर तेल उतरले आहे. शटर उघडून पाती धुवावी लागतात आणि कोरडीच परत बसवावी लागतात. तेल लावले की ती पुन्हा चिकटतात.