सवय पुस्तक उघडण्याची

वाचनाचे संकल्प बहुधा आकड्यात केले जातात: वर्षाला 25 पुस्तकं, महिन्याला दोन. पण आकड्याची सवय लागत नाही. सवय लागते ती कृतीची, आणि तीही ठराविक खुणेला बांधलेल्या कृतीची. एकाच परिस्थितीत तीच कृती पुन्हा पुन्हा झाली की मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाच्या मदतीने दोघींची गाठ पक्की होते. मग परिस्थिती समोर आली की कृती सुरू होते, रोज मनाशी हुज्जत घालावी लागत नाही. म्हणून रोज नेमाने करायचं ते फक्त पुस्तक उघडण्याचं काम.

खूण निवडण्यात बहुतेकांची चूक होते. 'संध्याकाळी सात वाजता' ही कच्ची खूण, कारण आपण कशात तरी गुंतलेलो असताना सात वाजून गेल्याचं कळतही नाही. 'कामावरून आल्यावर' हेही ढोबळच. आधीपासून रोज होणारी आणि जिचा शेवट स्पष्ट कळतो अशी कृती हवी: 'घरी येऊन कपडे बदलले, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तक उघडायचं.' कृती, जागा आणि वस्तू, तिन्ही ठरलेल्या. 'असं झालं, की तसं करायचं' या साच्यातल्या बेतांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी बरंच काम केलं आहे. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा असा बेत आखणाऱ्यांचे संकल्प बरेच जास्त तडीला गेल्याचं त्यात दिसलं.

झोपण्यापूर्वीची वेळ सर्वांनाच सोयीची वाटते. पण दिवसाचं सगळं वाचन तिच्यावर सोडू नये. थकलेल्या डोळ्यांखालून तीच ओळ तीनदा जाते आणि पुस्तक पुढे सरकत नाही. झोपताना वाचायचंच असेल तर ते वरकड समजावं.

सवय 21 दिवसांत लागते, हे खरं नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांचा 84 दिवस मागोवा घेतला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी कृती निवडून ती रोज एकाच खुणेनंतर करायची होती. कृती जवळपास आपोआप होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्यक 66 दिवस निघाला, पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता: 18 पासून 254 दिवसांपर्यंत. (प्रयोग 84 दिवसांचाच असल्याने त्यापुढचे आकडे आलेखाची वक्ररेषा वाढवून काढलेले आहेत.) वाचणाऱ्याला सर्वात दिलासा देणारा निष्कर्ष वेगळाच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पानांची भरपाई करू नका. ती भरपाई जड जाते आणि तिसरा दिवसही बुडतो.

सुरुवातीचं किमान माप दोन पानं. इतकं कमी, की अंगात कणकण असली तरी जमावं. रोज वीस मिनिटांचं बंधन पहिल्याच आठवड्यात घातलं, तर धावपळीच्या दिवशी 'आज वेळ नाही' म्हणून पुस्तक उघडलंच जात नाही, आणि खुणेची गाठ सैल होते.

पुढचा हिशेब स्वतःच्या वेगावर करा. हातातल्या पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचा. एका पानाला दोन मिनिटं लागली, तर 250 पानांना 500 मिनिटं. पुढे रोज सरासरी वीस मिनिटं जमू लागली, की पुस्तक 25 दिवसांत संपतं, म्हणजे वर्षाला 14 पुस्तकं. वेग वाढवण्याच्या युक्त्यांमागे लागण्यात अर्थ नाही. इंग्रजीतल्या मनातल्या मनात वाचण्यावरचे 190 अभ्यास मार्क ब्रिसबर्ट यांनी 2019 मध्ये एकत्र केले, तेव्हा ललितेतर मजकुराचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्द निघाला. यापेक्षा कितीतरी पट वेगाचे जे दावे होतात, त्यात आकलनाचा बळी जातो.

फोन नुसता पालथा घालून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवावा, म्हणजे उठून जाण्याचे श्रम आड येतात. पुस्तक मात्र कपाटात नको, त्याच खुर्चीवर असू द्या, खूण घातलेलं.

इतकं करूनही सवय तुटते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, रटाळ पुस्तकात: ते सोडवत नाही आणि वाचवतही नाही, म्हणून खुर्चीच टाळली जाते. पन्नास पानांनंतरही ओढ वाटत नसेल तर खुशाल बाजूला ठेवा. दुसरं, पुस्तक संपल्यावर: पुढचं कोणतं, हे ठरवण्यात चार दिवस जातात. म्हणून शेवटची तीसेक पानं उरली असतानाच पुढचं पुस्तक त्याच खुर्चीवर आणून ठेवावं, आणि पहिलं संपेल त्याच बैठकीत दुसऱ्याची दोन पानं वाचून घ्यावीत.