१४ फेब्रुवारी आणि भगतसिंगांची फाशी: खुलासा

व्हॅलेंटाइन डे आला की ठरलेला मेसेज फिरतो: १४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली. कोणी हटकलं की ‘फाशी नाही, शिक्षा सुनावली’ अशी सुधारित आवृत्ती येते. दोन्ही चूक.

लाहोर कट खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० रोजी. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात, तीही संध्याकाळी. ठरलेला दिवस खरं तर २४ मार्च होता. लोक खवळतील या धास्तीने सरकारने तो गुपचूप अलीकडे ओढला.

मग १४ फेब्रुवारी आला कुठून? १९३१ साली त्या दिवशी मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉय आयर्विनकडे फाशी रद्द करण्याची विनंती केली होती. तारखेचा संबंध एवढाच. राजगुरूंच्या खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, हे वेगळं सांगावं लागत नाही.