टॅपेट कव्हरचा रंग का सुटतो?

घरी रंगवलेल्या टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या झाकणाचा, रंग वर्ष-दीड वर्षात पापुद्र्यांनी सुटू लागला, की जळगाव-भुसावळकडे सगळा दोष उन्हाला दिला जातो. हा दोष मला मान्य नाही. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला, तरी चालू इंजिनातले तेल मुळातच १०० अंशांच्या आसपास तापलेले असते, मग गाडी रावेरात उभी असो वा नाशकात. रंग सुटतो तो बहुधा तळातून, म्हणजे धातू आणि रंग जिथे एकमेकांना भिडतात तिथे.

ओतीव ॲल्युमिनियमचा ताजा पृष्ठभाग हवेला उघडा पडताच त्यावर ऑक्साइडचा अवघा २ ते ४ नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. तो धातूचे रक्षण करतो, पण साधा रंग त्याला घट्ट धरून राहत नाही. त्यात ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते: ४० सेंटिमीटर लांबीचे कव्हर ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत तापले तर सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढते आणि इंजिन थंड झाले की तेवढेच आखडते. पकड कच्ची असेल तर ही रोजची ओढाताण रंगाला उचलून काढते.

म्हणून खरे काम रंगाच्या आधीचे आहे. प्रथम डिग्रीझरने तेलकटपणा पूर्ण काढावा आणि मगच पॉलिश पेपर मारावा, कारण उलट क्रमाने केल्यास तेल ओरखड्यांत घासले जाऊन तिथेच मुरते. लोखंडी भागांचे चिकट मळ काढण्यासाठी वापरला जाणारा कॉस्टिक सोडा इथे मुळीच चालत नाही. तो ऑक्साइडचा थर विरघळवून ॲल्युमिनियमलाच खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. धातू स्वच्छ झाला की नाही हे पाण्याने कळते. कव्हरवर पाणी ओतावे. ते सलग पातळ पडद्यासारखे पसरले तर धातू तयार आहे, आणि केळीच्या पानावर पडल्यासारखे थेंब थेंब होऊन गोळा झाले तर तेल अजून शिल्लक आहे. शेवटची धुलाई मात्र बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करावी. बोअरचे क्षारयुक्त पाणी सुकल्यावर मागे राहणारे क्षार पावसाळ्यात रंगाच्या थरातून ओलावा आत ओढून घेतात आणि खाली बारीक फोड उठतात.

यानंतर एचिंग प्रायमरचा पातळ हात द्यावा. त्यातले फॉस्फोरिक आम्ल पृष्ठभाग किंचित कोरते आणि रंगाला पकड मिळवून देते. खानदेशातले ऊन आडवे येते ते या टप्प्यावर: भर दुपारी फवारलेल्या रंगातले थिनर, थेंब कव्हरवर पोहोचण्याआधीच उडू लागते आणि अर्धवट सुकलेल्या कणांचा थर खरखरीत बसतो. पहाटे वारा पडलेला असताना, आडोशाला पण हवा खेळती ठेवून, मास्क लावून हे काम करावे.

सायलेन्सरसाठी मिळणारा ६०० अंशांचा रंग इथे नको, असे माझे स्पष्ट मत आहे. सिलिकोन रेझिनवर आधारलेले असे रंग साधारण २०० अंशांपर्यंत तापवल्यावरच पूर्ण पक्के होतात आणि टॅपेट कव्हर सहसा तेवढे तापतच नाही. मग अर्धकच्चा राहिलेला रंग सांडलेल्या तेला-पेट्रोलने मऊ पडतो. इंजिनासाठीचा इनॅमल बरा.

रंगाऐवजी चकाकी हवी असेल तर पेपर ३२० पासून २००० नंबरपर्यंत चढवत न्यावा आणि शेवटी बफिंग करावे. आरशासारखी झळाळी येण्यासाठी ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे सुमारे ४०० नॅनोमीटरहून बारीक व्हावे लागतात. ओतकामातली बारीक छिद्रे मात्र घासूनही दिसतच राहतात.

कव्हर सँड ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून साफ करायला, देत असाल तर आतल्या बाजूची तेल अडवणारी पट्टी आधी उघडता येते का ते पाहा. तिच्यामागे अडकलेली वाळू पुढे तेलात उतरली तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि बेअरिंग घासून जातात. पट्टी रिव्हेट मारून पक्की केलेली असेल, तर ब्लास्टिंग टाळून हातानेच घासावे, आणि गॅस्केट (तेल गळू नये म्हणून लावतात ती पट्टी) बसते त्या कडेला चिकटपट्टी लावून ती रंगापासून कोरी ठेवावी.